डिजिटल टीव्हीला बॉक्स कशाला?

केबलवाला दारात उभा राहून तिसऱ्यांदा सांगत होता, "भाई, पुढच्या महिन्यापासून साधी लाईन बंद. बॉक्स लावून घ्या, नाहीतर पडदो काळो पडतलो." मी त्याला तिसऱ्यांदा परत पाठवलं. जुना टीव्ही बदलायचाच होता. नवा डिजिटल आणला की वर आणखी बॉक्स कशाला? हा शोध संपूर्ण माझा, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.

महिना उलटून साधी लाईन बंद पडली, तोवर चतुर्थी तोंडावर आली होती. त्यातून आईच्या फुगडी पथकाचा कार्यक्रम आमच्या स्थानिक वाहिनीवर चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला दाखवणार होते. सत्तरी ओलांडल्यावर आई पहिल्यांदा टीव्हीवर येणार! मांद्र्यापासून केरीपर्यंतच्या नातलगांना तिने स्वतः फोन केले होते. जवळच्यांना तर "आमच्याकडेच या, नवा टीव्ही येतोय," असं आमंत्रणही.

म्हापशाच्या दुकानात भिंतभर टीव्ही आणि प्रत्येकाच्या कपाळावर पाच-सहा स्टिकर. एकावर 'एचडी रेडी', शेजारच्यावर 'फुल एचडी'. मी विक्रेत्याला विचारलं, "म्हणजे हा अर्धा नि तो पुरा?" "तसं नव्हे, सर." मग कसं, ते त्याने दहा मिनिटं समजावलं आणि मी समजल्यासारखा चेहरा करून उभा राहिलो. ठळक अक्षरांतला 'डिजिटल' तेवढा मला आपला वाटला. केबलसाठी बॉक्स लागेल का, एवढं एकच विचारायचं होतं. तेच विचारलं नाही. जे आपल्याला ठाऊक आहे ते माणूस विचारतो कशाला?

घरी आल्याबरोबर लावून बघितला असता तरी निभावलं असतं. पण आमच्याकडे चतुर्थीसाठी घेतलेली नवी वस्तू गणपती बसल्याशिवाय वापरात काढत नाहीत. खोक्याला कुंकू लावून तो आठवडाभर कोपऱ्यात ठेवला. चतुर्थीचा दिवस पूजा, नैवेद्य आणि आरत्यांत गेला. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर, सगळ्या पाहुण्यांच्या साक्षीने, मी खोका उघडला आणि केबलची वायर मागे खोचली.

निळा पडदा. सिग्नल नाही.

वायर काढली, फुंकली, परत खोचली. वाहिन्यांचा शोध सुरू केला. टीव्हीने मन लावून शोधलं आणि एकही सापडली नाही म्हणून कळवलं. शेवटी केबलवाल्याला फोन केला. तो चतुर्थीला सावंतवाडीकडे आपल्या गावी गेलेला, फोनवर त्याच्यामागे आरतीची घुमटं वाजत होती.

"भाई, स्टिकर टीव्हीचो. आमच्या लाईनीक कुलूप असता. तां उघडता बॉक्सातलां कार्ड. टीव्ही कितीय डिजिटल असांदे!"

"मग आता काय करू?"

"आता मी आरतीक उभो आसंय." फोन बंद.

चतुर्थीत आमच्याकडे साधी टाचणी विकत मिळत नाही, बॉक्स कुठून मिळणार? आई नऊवारी नेसून टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीवर बसली होती.

"कितें जालें रे?"

"बॉक्स लागता म्हणता."

"मग तो केबलवालो तीनदा आयलो, तो काय नेवऱ्यो खावंक?"

पाहुणे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? पाचाला दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात बायको म्हणाली, "शेजारच्या वहिनींनी बॉक्स लावलाय. उठा सगळी, चला!" खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या. पण गणपतीला घरात एकटं ठेवत नाहीत, समईपाशी कुणीतरी बसावंच लागतं. एरवी कोण थांबणार यावर आमच्याकडे अर्धा तास वाद होतो. त्या दिवशी झाला नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

मी समईत तेल घालत बसलो. कुंपणापलीकडून फुगडीचं गाणं ऐकू आलं, मग एकदम मोठा गलका, मग पुन्हा गाणं. दिसलं काहीच नाही.

अर्ध्या तासाने आई परतली ती चेहरा लाल करूनच.

"दिसलीस?" मी जरा दबकतच विचारलं.

"दिसलीस म्हणजे? मदीं एकदां म्हजें एकटीचेंच तोंड दाखयलें. व्हड करून!"

"केवढं मोठं?"

आईने दोन्ही हात पसरता येतील तेवढे पसरले. "इतलें!"

वहिनींचा सबंध टीव्ही त्याच्या निम्म्यानेही नाही.