मंगळावरच्या रेघा

माझ्या पत्रिकेत मंगळ होता आणि बाबांच्या दुर्बिणीतही. आईचं म्हणणं, एका घरात दोन मंगळ म्हणजे जरा जास्तच झालं.

बाबा गिरणीत फिटर. चोरबाजारातून त्यांनी जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच आणली, लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीत पिंपावर ठेवली आणि बारीक पूड टाकून, भोवती फिरत फिरत दुसऱ्या काचेनं ती घासत राहिले. शेजारच्या काकू विचारायच्या, "बायका वडाला फेऱ्या घालतात नवऱ्यासाठी, तुझे बाबा पिंपाला घालून काय मागतायत गो?" त्या काचेचा आरसा झाला, आरशाला पत्र्याची नळी मिळाली. छप्पन साली मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला तेव्हा आमची दुर्बीण तयार होती.

आभाळ मोकळं असलं की जेवणाआधी आम्ही दोघं गच्चीत. बाबा एक डोळा मिटून बघायचे आणि वहीत वर्तुळ काढायचे. त्यात पांढरा ठिपका, आणि आडव्यातिडव्या रेघा. त्या म्हणे मंगळावरच्या कालव्यांच्या. रद्दीत मिळालेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात अगदी तश्शाच छापल्या होत्या. मी कंदील धरायची. मग ते मला बघायला लावायचे.

"रेघो दिसतत मा गो?"

मला दिसायचा तो थरथरणारा लाल ठिपका, लिमलेटच्या गोळीसारखा. पण काच घासून त्यांच्या तळहातांना पडलेले घट्टे मी पाहिले होते. "दिसतत, बाबा," मी म्हणायची. एकदा म्हटलं, मग रोजच म्हणावं लागलं.

पत्रिकेतल्या मंगळापायी तीन स्थळं परत गेली होती. चौथं प्रभादेवीचं. मुलगा ड्राफ्ट्समन, आणि पत्रिका बघायची नाही असं त्यानं स्वतःहून कळवलेलं. आई देव पाण्यात घालून बसली होती. हे स्थळ हातचं जाऊ नये असं मलाही फार वाटत होतं.

स्वारी आली ती संयुक्त महाराष्ट्राच्या सभेतून थेट, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला. आईच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवायचा. मला तो तिथंच आवडला, सांगून टाकते.

चहा झाल्यावर बाबा त्याला गच्चीवर घेऊन गेले. मागून कंदील घेऊन मी. बाबांनी आधी कौतुकानं वही दाखवली, मग दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"लाल गोळा दिसतो," तो बसक्या आवाजात म्हणाला. "वर पांढरा ठिपका आहे. रेघा नाही दिसत मला."

"नीट बघा."

त्यानं पुन्हा बघितलं. "नाही दिसत."

हो म्हणायला याचं काय जात होतं? मी नव्हते म्हणत रोज? आरशाला कोणी नावं ठेवली की बाबांचा पारा चढायचा. आता हेही स्थळ मोडणार, आणि तेही पत्रिकेतल्या नव्हे, आभाळातल्या मंगळापायी!

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग गो ह्यांका."

मी दिसतात म्हटलं असतं तर तो मुलगा खोटा पडला असता. नाही म्हटलं तर बाबांचं मन मोडणार. मी उगाच कंदिलाची वात खालीवर केली.

"नाय दिसनत, बाबा," मी म्हटलं. "कधीच दिसूक नाय."

बाबा पिंपावर बसले. वही मांडीवर तशीच उघडी. माझ्याकडे न बघताच ते हळूच बोलले.

"माकाव कधी दिसूक नाय."

"मगे काढल्यात कित्याक?"

"पुस्तकात आसत. तुकाव दिसतत म्हणायचंस." त्यांनी वही मिटली. "माका वाटला, माझेच डोळे गेले. फिटराचे डोळे गेले तर गिरणीत कोण ठेवतला? म्हणान कोणाक बोललंय नाय."

मला रडू फुटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी रोज खोटं बोलत होते, आणि तेच खोटं उराशी धरून ते रोज कामावर भीत भीत जात होते. त्या मुलानं कंदील माझ्या हातातून घेतला.

बाबा उठले, दुर्बिणीला डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी त्याला विचारलं, "म्हणजे माझे डोळे बरे आसत मा, जावयबापू?"