काकांच्या गच्चीवरची सावली

अमरावतीच्या राजापेठेतले आमचे जुने घरमालक काका यांच्याइतका सूर्याशी घरोबा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गच्चीवर सोलरचे पॅनल बसल्यापासून सूर्य त्यांना आपल्याकडे कामाला लागलेला माणूसच वाटतो. सकाळी तो ढगाआड रेंगाळला की काका घड्याळ काढून त्याचा उशीर मोजतात. पॅनलवर कबुतर बसलं तर बनियनवरच गच्चीकडे धाव घेतात. उरलेली वीज तारेतून बाहेर जाते हे कळल्यापासून तर ती नेमकी कोणाच्या घरी जाते हेही त्यांना ठाऊक आहे. समोरच्या वकिलांचा कूलर सुरू झाला की खिडकीतून आवाज येतो, "बसा वकीलसाहेब, गार बसा! माह्याच घरची वीज हाये ते!" वकीलही बिचारे हात जोडतात.

पण या सोलरपायी काकांचं मोठं नुकसान झालं. अख्ख्या गल्लीत मोठी गच्ची तेवढीच, म्हणून उन्हाळ्यात सगळ्या बायकांची वाळवणं तिथेच पडायची. काकू होत्या तेव्हा डोक्यावर ओला पदर घेऊन दिवसभर राखण करायच्या. त्या गेल्यावरही बायका येत राहिल्या. कुरड्यांच्या गरम चिकाची पहिली वाटी, वर तेलाची धार सोडून, काकांना मिळायची. एरवी एकट्याने राहणाऱ्या त्या माणसाला ते आठ-दहा दिवस सणासारखे वाटत. पॅनल आले, गच्ची भरली, आणि त्या उन्हाळ्यात जिना कोणी चढलंच नाही. मी तोवर अकोल्याला बदलून आलो होतो. मला फोन करून म्हणाले, "बिल शून्यावर आलं बापा, पण दाखवू कोनाले? कोनी येऊनच नाई रायलं."

काका स्वस्थ बसणारे नव्हेत. पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांनी फिटर बोलावून सगळे पॅनल डोक्यावर जातील एवढ्या उंच लोखंडी सांगाड्यावर चढवले आणि मोकळ्या झालेल्या गच्चीचं घरोघरी आमंत्रण दिलं. बायका सोरे, पाट, चिकाचं पातेलं घेऊन वर आल्या, आणि पाहतात तर खाली ऊनच नाही! शेजारच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, कुरड्या काय सावलीत वाळवाव आमी?" काका वर बघतच राहिले. एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांचा चेहरा असा उतरला की मावशींनाच वाईट वाटलं. त्यांनी तिथेच चटई अंथरली. "जाऊ द्या. लाटायले तं सावलीच लागते. पापड इथं लाटू, कडेले ऊन हाये तिथं वाळू घालू."

यंदा मी मुद्दाम त्या दिवसांत गेलो. पॅनलखाली पाच-सहा पोळपाट मांडलेले, मधोमध काका लाट्या तोडून देत होते आणि प्रत्येकीला आजचे युनिट सांगत होते. मला पाहून ऐटीत म्हणाले, "ऊन कंपनीले देऊन टाकलं, सावली आपल्यापाशी ठेवली!" बायका खो खो हसल्या. मावशींनी कुरड्यांसाठी आणलेल्या चिकाची पहिली वाटी त्यांच्या हातात दिली. काका वाटी घेऊन माझ्याजवळ सरकले. मग फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तुह्या काकूले ऊन लय लागे रे. हे सावली जरा लवकर करायले पाह्यजे होती." आणि खाली मान घालून चीक खाऊ लागले.