लाईट गेली!

आमचे मॅनेजर मूळचे नागपूरचे, राहायला इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये. कोविडच्या काळात टोकियोची टीम त्यांच्या गळ्यात पडली. रोजच्या व्हिडिओ मीटिंगच्या शेवटी निरोप घेताना ते जपानी पद्धतीने इतके वाकायचे, की स्क्रीनवर नुसतं टक्कल दिसायचं. तिकडचे त्याहून खाली वाकायचे. साहेबांच्या आधी कॉल सोडून कोण निघणार? आणि साहेबांना आधी निघणं उद्धटपणाचं वाटायचं. मी कॅमेरा बंद करून हसत बसायचो.

एकदा ते ओरडले, "अरे बापरे, लाईट गेली!" आणि कॉल कट केला. मग रोजच लाईट जायला लागली. शेवटी काळजीपोटी टोकियोहून पार्सल आलं, बॅटरीचा कंदील.

दुसऱ्या दिवशी साहेब तो लावून ओशाळून बसले होते. वाकणं सुरू झालं. तेवढ्यात तिकडची सगळ्यात ज्युनिअर मुलगी हळूच म्हणाली, "सर, आज आमच्याकडे लाईट गेली," आणि कॉलवरून निघून गेली. तिच्या डोक्यावरची ट्यूबलाईट शेवटपर्यंत लख्ख जळत होती.