निघाल्यानंतरचा केर

नांदेडहून मी निघालो तेव्हा डब्यातले बहुतेक प्रवासी परतीचे होते. हजूर साहिबचं दर्शन घेऊन पंजाबातली कुटुंबं घरी चालली होती. घर सोडणारा त्यांच्यात बहुधा मी एकटाच असेन. वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन. फलाटावर उभं राहून त्यांनी एकच शंका काढली, "तिकडच्या लोकांना तू इंग्रजी शिकवणार? त्यांचं आपल्यापेक्षा बरं असेल की." आई स्टेशनवर आली नाही. तिनं दारातूनच निरोप दिला.

त्याआधी काही वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. विशेषणं कापायची आणि प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे कोण म्हणतंय? ही सवय घेऊनच चंदीगडच्या एका महाविद्यालयात रुजू झालो. सेक्टर बावीसमध्ये दुकानावरची खोली मिळाली. घरमालकांनी गाव विचारलं आणि नांदेड ऐकताच हात जोडले. "हजूर साहिबवाले? फिर तो आप घर के हो जी." गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे नांदेडलाच राहिले त्यांना हे गमतीचं वाटेल, पण आपल्या गावाच्या नावावर मला इथं बरंच काही सहज मिळालं.

माझ्याकडे जागतिक साहित्याचा पेपर आला. जपानी, अरबी, स्पॅनिश, सगळं इंग्रजी भाषांतरातून. मूळ भाषा ना मला येत, ना विद्यार्थ्यांना. त्यातले अर्धे संगरूर, बर्नाळा, रोपडच्या खेड्यांतले. अनेकांसाठी हा पेपर म्हणजे परदेशी जाण्याच्या इंग्रजी परीक्षेचा सराव. मी प्रत्येक उताऱ्यावर 'हे कोण म्हणतंय?' विचारायचो, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, आप तो पुलिसवाले लगते हो."

अभ्यासक्रमात एका बेटावरची कथा होती. मुलगा कामासाठी मोठ्या शहरी निघतो. त्याची होडी किनाऱ्यावरून सुटताच आई झाडू घेते आणि सगळं अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडते. कथा तिथंच संपते. पुस्तकाला जोडलेलं विवेचन एका पाश्चात्त्य प्राध्यापकाचं. त्यात लिहिलं होतं, आई आपलं दुःख कामात बुडवते आहे. वर्गात मीही तेच सांगितलं.

चाचणीत त्यावर प्रश्न आला. खेड्यांतून आलेल्या जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, मुलानं परत येऊ नये अशी आईची इच्छा आहे. एकानं तर इंग्रजीत लिहिलं होतं, आईनं मुलाला संपवून टाकलं.

उत्तरपत्रिका फेरतपासणीसाठी सूद मॅडमकडे गेल्या. त्या विभागातल्या ज्येष्ठ, कडक आणि न्यायी. त्यांनी पेपर टेबलावर शेजारीशेजारी मांडले. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असू शकतं, त्या म्हणाल्या, पण एकच चूक इतक्यांची? "फोन पे घुमाया है इन्होंने."

प्रकरण विभागाच्या समितीकडे जाणार होतं. कॉपीचा शेरा पडला की तो गुणपत्रकासोबत राहतो. त्यांच्यातल्याच गुरलीन कौरची कॅनडातल्या प्रवेशाची कागदपत्रं त्याच महिन्यात जायची होती. अशा शेऱ्यासह ती पाठवण्यात अर्थ नव्हता आणि घरून दुसरी संधी मिळणार नव्हती. मी तिला बोलावलं. ती रडली नाही, चिडली होती.

"सर, बंदा अभी घर से निकला है और माँ झाड़ू लेके आ गई? झाड़ू तो मुर्दा उठने के बाद लगाते हैं."

"मग वर्गात का बोलली नाहीस?" मी हिंदीत विचारलं.

"आप इतने यक़ीन से बता रहे थे, सर."

संध्याकाळी आईला फोन केला. विचारलं, आपल्याकडेही असं काही असतं का?

"असतं का म्हणजे? तू गेलास तेव्हा घर तसंच पडलं होतं. सुतळीचे तुकडे, सांडलेलं पीठ. जोशीकाकू म्हणाल्या, काय हो हा पसारा. म्हटलं, पोरगं अजून गाडीत आहे. मग दिवे लागले. दिवे लागल्यावर तर केर काढत नाहीच. दुसऱ्या दिवशी काढला."

हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. मराठीत ती कथा वाचली असती तर पहिल्या वाचनातच थबकलो असतो.

समितीसमोर मी दोन गोष्टी सांगितल्या. विद्यार्थ्यांचा अर्थ चुकीचा असू शकतो, त्या बेटावर ही रीत असेलच असं नाही. पण बातमी चुकीची असणं वेगळं आणि चोरलेली असणं वेगळं. सूद मॅडमनी कथेचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "मेरी नानी भी यही करती थीं. पढ़ते वक़्त याद ही नहीं आया."

प्रत्येकाला एकेकट्याला बोलावून तोंडी विचारायचं ठरलं. गुरलीनला मॅडमनीच विचारलं, त्या बेटावरच्या आईला तुमची रीत कुठून माहीत असणार? गुरलीन अडखळत इंग्रजीत बोलली. त्या आईचं मला माहीत नाही, मॅम. पण त्या अंगणात मुलाच्या पावलांचे ठसे असणार. दुःख झालं असतं तर तिनं ते एक दिवस तरी राहू दिले असते.

शेरा पडला नाही. गुरलीन कॅनडाला गेली. मॅडमच्या सूचनेवरून आता त्या कथेखाली या रिवाजाबद्दल मी लिहिलेली दोन ओळींची तळटीप असते. खेड्यांतल्या मुलांना ती लागत नाही. सेक्टरांत वाढलेल्या काहींना लागते.

माझ्या मुलीलाही लागली. ती चंदीगडचीच. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. गेल्या हिवाळ्यात मी आईला भेटायला निघालो. बॅग दारात होती, खोलीभर कागद आणि दोऱ्या. मुलगी मदत म्हणून झाडू घेऊन आली, तर बायकोनं तिचा हात धरला.

"क्यों?"

मी मराठीत कारण सांगितलं. कुणी घर सोडून निघालं की लगेच झाडत नाहीत.

तिनं विचार केला. "पर पापा, आप तो घर ही जा रहे हो ना?"

खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. वडिलांना, आईला, तिथं राहिलेल्या तुम्हा कुणालाही या प्रश्नाचं उत्तर सहज देता आलं असतं. मी बॅग उचलली आणि तिला सांगितलं, झाडू ठेवून दे.