डोळ्यांना गाणं शिकवणारे साडूभाऊ

माणसाने एकदा मनावर घेतलं की त्याच्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही. हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने केनवडला आमच्या थोरल्या साडूभाऊंच्या पिठाच्या चक्कीवर जाऊन यावं. उभा जन्म त्यांनी भजनी मंडळात पेटी वाजवली, तीही नुसत्या ऐकीव ज्ञानावर. गाणं कागदावर लिहितात याचंच त्यांना हसू यायचं. मग साठी उलटली आणि चक्कीच्या घरघरीने कान जाऊ लागले. वाशीमच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आज ना उद्या दोन्ही जाणार. त्यांची बायको डोळ्यांना पदर लावून बसली, तर हे तिच्यावरच डाफरले, "रडतं काहून? कान जाऊन राह्यले, डोये हायेत ना? आता डोयाले गाणं शिकवतो!" आणि दर रविवारी प्रवासी जीपमध्ये स्वतःला कोंबून रिसोडच्या एका म्हाताऱ्या गायनमास्तरांकडे स्वरलिपी शिकायला जाऊ लागले.

अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर, 'म'च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, वर टिंब म्हणजे वरचं सप्तक, खाली टिंब म्हणजे खालचं. एवढं कळलं मात्र, त्यांनी साऱ्या गावाला ते लागू केलं. दळणाच्या डब्यांवर खडूने खुणा दिसू लागल्या. एका बाईने बिचकत विचारलं, "भाऊ, माह्याच डब्याले आडवी रेघ कायले?" हे गंभीरपणे म्हणाले, "तुले पोळ्याचं पीठ पायजे ना? ते कोमल." भरड दळायच्या डब्यावर अर्थातच उभी रेघ. गंमत म्हणजे महिनाभरात बायका घरूनच रेघ मारून डबे पाठवू लागल्या.

एकदा त्यांनी एका भजनाची स्वरलिपी पांढऱ्या फळ्यावर लिहून चक्कीत टांगली आणि चार दिवसांनी मंडळापुढे स्वतः गायला बसले. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत साडूभाऊ एकदम असे किंचाळले की तबलजीचा हात हवेतच राहिला. फळ्यावर माशा बसून गेल्या होत्या आणि प्रत्येक माशीचं टिंब साडूभाऊंनी इमानाने वरच्या सप्तकात गायलं होतं. मी माशीचा डाग दाखवला तर माझ्यावरच उखडले, "चिन्ह हाय म्हंजे हाय! मास्तरनं सांगतलं, मनानं काही गायचं नाही!" पुढे फळ्याला जाळी लागली.

असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगतो, इतका लाडकाही. वर्षभरात कान पुरते गेले. कानाला यंत्र लावलं, पण त्यातून बोलणं तुटक यायचं आणि गाणं म्हणजे नुसता कलकलाट. ते त्यांनी काढून ठेवलं.

गेल्या दिवाळीत मंडळ त्यांच्या अंगणात गायला बसलं. साडूभाऊ समोरच मांडीवर स्वरलिपीचा कागद घेऊन बसले होते. भजन सुरू झालं तसं त्यांचं बोट पहिल्या स्वरावर आलं आणि सरकू लागलं. मंडळी रंगात आली आणि लय जरा पळाली, त्यामुळे भजन संपलं तेव्हा बोट शेवटून दुसऱ्या ओळीवरच होतं. त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते कागदावर डोळे बारीक करून, मान डोलवत ऐकतच होते. तबलजीने हात मांडीवर ठेवले. कुणी खाकरलं नाही, कुणी उठलं नाही. अंगणभर माणसं त्या एका बोटाकडे पाहत गप्प बसली होती. बोट शेवटच्या 'सा'वर येऊन थांबलं तेव्हा साडूभाऊंनी मान वर केली आणि तृप्त चेहऱ्याने म्हणाले, "आज कोणी बेसूर नाही झालं बॉ."