बेल वाजवली का?

गुनवोर सांडेलसारखी डूख धरणारी बाई स्वीडनमधल्या अख्ख्या ओरेब्रो गावात सापडायची नाही. तसं तिचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडण्यात गेलं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण एक चिठ्ठी तिने सव्वादोन वर्षं पाकिटात जपून ठेवली, आणि ती काही प्रेमाने नव्हे.

त्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सोसायटीच्या तळघरात, सगळ्यांच्या सामायिक मशीनच्या धुण्याच्या खोलीत तिची पाळी होती, नऊ ते बारा. पाळ्यांच्या फळीवर त्या वेळेपुढे तिच्या घरनंबराचं छोटं कुलूप लागलेलं होतं, म्हणजे वेळ तिची, आणि कपड्यांची टोपली खाली नेऊन ठेवलेली होती. पावणेनऊला तिचा नवरा टोर्स्टेन स्वयंपाकघरात कोसळला. ॲम्ब्युलन्सवाले तासभर तिथेच त्याच्यासाठी झटत होते, मग ती त्यांच्याबरोबर इस्पितळात गेली आणि संध्याकाळी एकटी परत आली. टोपली तळघराच्या बोळात फेकल्यासारखी पडली होती. टोर्स्टेनचे शर्ट फरशीवर, एकावरून कुणाच्या तरी सायकलचं चाक गेलेलं. वर चिठ्ठी: 'अर्ध्या तासाचा नियम सर्वांना सारखा. राग्नवाल्ड एकब्लाड, चेअरमन.'

नियम खराच होता. पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासात मशीन लावलं नाही, तर येईल त्याने ती घ्यावी. शेजारी हळहळले, आणि शेवटी नियम तो नियम, असंही म्हणाले. राग्नवाल्डने अंत्यविधीला फुलं पाठवली. चिठ्ठीबद्दल चकार शब्द नाही. गुनवोरला फुलं नको होती. त्याने सगळ्यांसमोर मान खाली घालावी एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी थांबायची तिची तयारी होती.

संधी वाचनालयाच्या अभ्यासमंडळाने दिली. दर मंगळवारी, एखादं खरोखर वापरायचं वेबॲप बनवत प्रोग्रॅमिंग शिकायचं. शिकवणाऱ्या इल्वाने पहिल्याच दिवशी विचारलं, घरच्या कुठल्या अडचणीवर बनवणार? एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, गायनमंडळाच्या गाण्यांची यादी. गुनवोर म्हणाली, धुण्याच्या पाळ्या. का, ते तिने सांगितलं नाही.

पहिलं बटण पडद्यावर यायला तीन आठवडे लागले, आणि दाबलं तर काहीच होईना. ते चालायला लागलं, तर एकच पाळी दोन घरांना मिळायला लागली. आपल्याला हे जमायचं नाही म्हणून ती एकदा पिशवी उचलून घरीसुद्धा निघाली होती. इल्वा आयतं उत्तर कधी देत नसे.

"यंत्राला मनातलं कळत नाही, गुनवोर. जे तू लिहिलं नाहीस, ते त्याच्याकडून होणार नाही."

हे वाक्य गुनवोरच्या डोक्यात बसलं. माणसाने न सांगता करायच्या गोष्टीसुद्धा इथे लिहाव्या लागत होत्या. मग लिहू या, तिने ठरवलं. अर्ध्या तासाच्या नियमाला तिने एक प्रश्न जोडला. दुसऱ्याची पाळी घेण्याआधी पडदा विचारायचा, 'त्यांच्या दाराची बेल वाजवली का?' हो की नाही, ते दाबल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही.

मग ती साळसूदपणे राग्नवाल्डकडे ॲपसाठी नियम मागायला गेली. फळीवरची कुलपं गंजलीच होती, त्यामुळे स्वारी खूश. त्याने दोन पानं भरून नियम दिले. शिवाय बजावलं, "एकदा झालेली नोंद पुसता येता कामा नये. अगदी मलासुद्धा. लोक गुपचूप फेरफार करतात."

"बरी आठवण केलीस," गुनवोर म्हणाली. पठ्ठ्याने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. तिने त्याच्याकडची कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

मे महिन्यात वार्षिक सभा संपल्यावर सगळे दालचिनीचे बन हातात घेऊन धुण्याच्या खोलीत जमले. भिंतीवर नवा पडदा होता आणि त्याला पहिलं बोट लावायचा मान अर्थातच चेअरमनचा. न पुसता येणारी नोंद कशी असते ते दाखवायला त्याने ऐटीत 'जुन्या नोंदी' दाबलं. एकच नोंद उघडली. तारीख त्या फेब्रुवारीतली. पाळी: सांडेल. साडेनऊला घेतली: राग्नवाल्ड एकब्लाड. बेल वाजवली का: नाही.

"हे काढ," तो हळूच म्हणाला.

"तुझाच नियम आहे."

"काय झालंय ते मला कुठे माहीत होतं?"

"साडेनऊला ॲम्ब्युलन्स या खिडकीसमोर उभी होती. तू टोपली उचललीस, बोळात नेलीस, चिठ्ठी लिहायला पेन शोधलंस. माझं दार दोन जिने वर आहे, राग्नवाल्ड."

कुणी त्याची बाजू घेतली नाही. तो मान खाली घालून फरशीकडे बघत राहिला. गुनवोरला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. उरलेला बन तिने तिथेच उभ्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराची बेल वाजली. कोण ते तिने दारातल्या भिंगातून पाहिलं आणि आणखी दोनदा वाजू दिली. मग दार उघडलं. आत ये, म्हणाली नाही.

"ॲम्ब्युलन्स मी पाहिली होती," राग्नवाल्ड म्हणाला. "तुमच्याकडेच आली असेल, असंही मनात आलं होतं. चुकलं माझं. आता तरी पुसशील?"

"पुसता येत नाही. खाली एक ओळ घालता येते."

तिने दार लावलं आणि ओळ घातली. बेल वाजवली: हो. उशीर: दोन वर्षं, तीन महिने.

मग येत्या गुरुवारची नऊची पाळी तिने स्वतःच्या नावावर लावली. टोर्स्टेनचे शर्ट, चाकाच्या डागासकट, अजून पिशवीत तसेच होते. ते आता धुवायचे होते.