पाठकोरे कागद

माझ्या धाकट्या भावाला गाड्यांचे नंबर पाठ असतात. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीतून गेलेली गाडी तो एकदा बघतो. मग तिचा नंबर, रंग, चालवणारा, मागे बसलेला, यातलं काहीच त्याच्या डोक्यातून जात नाही. तो आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. शर्टाची बटणं वरखाली लावतो, घड्याळ कळत नाही, रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. तिसरीत असताना मास्तरांनी बाबांना शाळेत बोलावून सांगितलं की हा मुलगा पुढे शिकणार नाही, याला घरीच ठेवा. तेव्हापासून तो घरीच आहे. सकाळी आंघोळ करून ओट्यावर येऊन बसतो आणि दुपारचं जेवण सोडलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच असतो.

बाबा रेल्वेत होते, आता हयात नाहीत. घरात आई, तो आणि मी. मी नवा रायपूरमध्ये एका सरकारी खात्याच्या गोपनीय शाखेत लघुलेखक होते. साहेब बोलायचे, मी लिहून घ्यायचे, टाइप करायचे आणि विसरून जायचे. विसरणं हा त्या नोकरीचाच भाग होता आणि मला ते चांगलं जमतं असं मी समजत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या शाखेतली एक टीप वर्तमानपत्रात जशीच्या तशी छापून आली. एका प्रकल्पासाठी कोणत्या गावांची जमीन लागणार, याची ती टीप होती. बैठकीत जाण्याआधीच ती बाहेर पडली. आम्हा सहा जणांच्या हातांखालून ती गेली होती. साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. मला म्हणाले, "आपसे भी पूछताछ होगी. इंटेलिजेंस वाले हैं. जो मालूम है, बता दीजिए, बस."

मला काहीच माहीत नव्हतं. तरी त्या दिवशी स्टाफ बसमध्ये बसल्यावर मी सारखी पर्सची चेन उघडत होते, लावत होते. शेजारची बाई म्हणाली, दीदी, तबीयत ठीक आहे ना? लहानपणी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला बाई इंटेलिजन्ट म्हणायच्या, आणि तो शब्द कधीतरी आपल्याला लागावा म्हणून मी पहाटे उठून पाठांतर करायचे. दुसऱ्या दिवशी तो शब्द पांढऱ्या जीपमधून ऑफिसात आला आणि साहेबांच्या खोलीत बसून मला तेच तेच प्रश्न फिरवून विचारून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या ओट्यावर एक माणूस येऊन बसायला लागला. पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात सँडल. आईने सांगितलं की गल्लीच्या टोकाला कुणाचं तरी घर बांधून राहिलेत, तिथला मुकादम आहे म्हणे. येताना तो कागदाच्या पुड्यात गरम मुंगोडी, म्हणजे मुगाची भजी, आणायचा आणि भावासोबत खायचा. भावाशी बाहेरचं कुणी इतका वेळ बोलत नसे. लोक येता-जाता डोक्यावर हात ठेवून पुढे जात. हा माणूस तास-तास बसायचा, कोणत्या गाडीचा काय नंबर ते विचारायचा, आणि भावाने सांगितल्यावर खरोखर चकित व्हायचा. मला बरं वाटलं. शनिवारी मी स्वतः त्याला चहा नेऊन दिला.

तो गेल्यावर भाऊ आत आला आणि म्हणाला, "ताई, तो पुलिसवाला आहे."

"मुकादम आहे तो."

"नाही. त्याची गाडी थाण्यात उभी राहते. आईसंग मंदिरात गेलो तवा पाहिली. दोनदा."

मी हसले. भावाला कुणीही डॉक्टर वाटतो, कुणीही मंत्री वाटतो. मी त्याला ताट वाढलं आणि विषय सोडून दिला. मला त्या हसण्याची आजही लाज वाटते. सोमवारी स्टाफ बस पकडायला जाताना मी मुद्दाम ऑटोवाल्याला पोलीस थाण्यावरून न्यायला सांगितलं. फाटकाच्या आत, कडुलिंबाखाली, शनिवारी ओट्यापाशी पाहिलेली त्या माणसाची मोटारसायकल उभी होती.

त्या दिवशी ऑफिसात मी जे टाइप केलं ते आठवतं. रस्त्यांवर नवे कॅमेरे लावायचे होते. गाडी पुढून गेली की तिचा नंबर वाचणारे, लक्षात ठेवणारे आणि संशय आला तर कळवणारे. मसुद्यात कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते, आणि साहेब ते बोलताना जरा ताठ बसत होते. मला घरी जायचं होतं. ओट्यावर तो माणूस माझ्या भावाला काय विचारत असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. एका पानात सात चुका केल्या. साहेबांनी चुकांवर लाल खुणा करून पान परत दिलं, आणि मी आणखी घाबरले.

घाबरण्याला एक कारण होतं. ते आतापर्यंत मी घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

भावाला नंबर लिहायला कागद लागतात. वही आणली की तीन दिवसांत संपते. म्हणून मी ऑफिसातले चुकीचे छापले गेलेले पाठकोरे कागद घरी आणत असे. खरं तर ते तिथल्या तिथे यंत्रात घालून फाडायचे असतात, तसा नियम आहे. पण एका बाजूने कोरा, चांगला जाड कागद फाडायला मला जीवावर यायचं. दर आठवड्याला पंधरा-वीस पानं मी डब्याच्या पिशवीत घालून आणायचे. अकरा वर्षं आणत होते. त्या पानांच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, हे मी कधी पाहिलंच नाही. मी विसरण्यात पटाईत होते ना.

रविवारी दुपारी आई गच्चीवर वड्या घालत होती. मी भावाच्या खाटेखालची पेटी ओढून उघडली. कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. एका बाजूला त्याचे मोठाले, तिरपे आकडे, दुसऱ्या बाजूला आमच्या खात्याची टिपणं. वरच्या दोन गठ्ठ्यांतच, ज्याची भीती होती ते पान सापडलं. त्या टिपेचा आधीचा मसुदा, गावांच्या नावांसकट. छापून आलेल्यापेक्षा दोन गावं जास्त होती. मागे भावाने एका लाल स्कूटीचा नंबर चार वेळा लिहिला होता.

टीप फोडली नव्हती मी. पण ती माझ्या घरात, खाटेखाली पडलेली होती, आणि रोज दुपारी पोलीसवाला वीस पावलांवर बसून मुंगोडी खात होता.

मी भावाला समोर बसवलं. "तो काय काय विचारतो तुले?"

"नंबर."

"आणखी?"

"घरी कोण येते. ताई कितीक वाजता येते. ताईचा फोन कोणता."

"कागदांचं विचारलं?"

"हव."

"काय विचारलं?"

"ताई ऑफिसातून कागद आणते का."

"तू काय म्हटलं?"

"नाही म्हटलं."

माझा विश्वास बसला नाही. भावाला खोटं बोलता येत नाही हे आम्ही सगळे धरूनच चालत होतो. त्याच्या अपंगत्वाच्या जुन्या प्रमाणपत्रासोबतच्या अहवालातही कुणीतरी लिहिलं होतं की हा सांगेल ते ऐकतो, विचारेल ते सांगतो. मी तोच प्रश्न फिरवून विचारला. तू पेटी दाखवली का? त्याच्यासमोर नंबर लिहिले का? त्याने कधी कागद मागितला का? मग पुन्हा पहिल्यापासून. साहेबांच्या खोलीत त्या जीपवाल्यांनी मला जसं विचारलं होतं, अगदी तसंच. भाऊ कान चोळायला लागला. घाबरला की तो कान चोळतो. तरी मी थांबले नाही.

आई हात पुसत खाली आली. "काहून छळून राहिली त्याले? तो पुलिसवालाबी इतका नाही छळत."

"आई, तुले माहीत होतं तो पोलीस आहे?"

"यानं सांगतलं न. पहिल्याच दिवशी. तू आधीच घाबरली होती, म्हणून तुले मुकादम सांगतलं."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. मी भावाकडे वळले आणि या वेळी आवाज खाली आणून विचारलं, "नाही काहून म्हटलं तू?"

"तू बोलली होती, कोणाले नको सांगू."

अकरा वर्षांपूर्वी पहिला गठ्ठा त्याच्या हातात देताना मी तसं म्हटलं असेन. मला आठवतही नव्हतं. मी ते लहान मुलाला खाऊ देताना म्हणतात तसं म्हटलं असणार. त्याने ते तसं घेतलं नव्हतं. शेजाऱ्यांना नाही, मामाला नाही, मुंगोडी आणणाऱ्याला नाही. आणि त्या माणसासमोर तो कधी लिहीतही नसे, हेही त्याने सांगितलं. नंबर तोंडाने सांगायचा आणि माणूस गेल्यावर आत येऊन लिहायचा.

त्याच दुपारी मी सगळे कागद अंगणातल्या टाकीत भिजवले. आई शेजारी बसली आणि हाताने कुस्करायला लागली. तिच्या माहेरी असा लगदा मेथी घालून वाटायचे आणि त्याच्या टोपल्या करायचे. मी म्हटलं, टोपली नको, काहीच नको, फक्त शाई गेली पाहिजे. भाऊ दारात उभा होता. अकरा वर्षांचे त्याचे आकडे पाण्यात निळे होऊन सुटत होते. मला वाटलं तो रडेल. तो म्हणाला, "मले पाठ आहेत," आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन दिवस फक्त जेवायला उठला.

त्या दोन दिवसांत मी खिडकीतून सारखी बाहेर बघायचे. साहेबांना जाऊन सांगून टाकावं असं मनात यायचं. बसमध्ये वाक्यं जुळवायचे आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर ती गळून पडायची.

बुधवारी मी घरी पोचले तेव्हा तो माणूस ओट्यावरून उठत होता. मला बघून थांबला. मुकादम असल्याचं सोंग त्याने आता टाकलं होतं.

"दीदी, कल से नहीं आऊँगा," तो म्हणाला. "इधर का काम हो गया."

"काय काम होतं?"

तो जरा ओशाळला. "आप समझती हैं. ऊपर लिखकर दे दिया है."

"काय लिहून दिलं?"

हे त्याने सांगायला नको होतं. पण आमच्या घरचा चहा तो दोन-तीन आठवडे प्यायला होता. "यही कि घर में कुछ नहीं मिला. और लड़का मंदबुद्धि है, उसकी बात का कोई मतलब नहीं. आप निश्चिंत रहिए."

भाऊ तिथेच बसला होता, त्याच्याकडे बघत. माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं. या माणसाने तुम्हाला ओळखलं होतं आणि तुम्ही त्याला ओळखलं नाही, असं काहीतरी. पण ते बोलले असते तर पुढचे प्रश्न आले असते. मी "हव" म्हटलं आणि बाजूला होऊन त्याला वाट दिली.

टीप कुणी फोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हा सहांपैकी चौघांच्या बदल्या झाल्या. मी आवक-जावक शाखेत गेले, तिथे पाकिटांवर शिक्के मारायचे असतात. मला त्यात सुटल्यासारखं वाटलं. भाऊ मात्र पुढचे कित्येक दिवस दुपारी गल्लीच्या टोकाकडे बघत बसायचा. "तो काहून नाही येत?" मी म्हणायचे, त्याचं काम संपलं. "पण आम्ही बोलून राहिलो होतो," तो म्हणायचा. तो पोलीस आहे हे माहीत असूनही त्याला त्या माणसाची वाट बघावीशी वाटायची. मला हे अजूनही नीट उमजत नाही.

उन्हाळ्यात त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र नवीन करायचं होतं. आईनंतर बाबांचं निवृत्तिवेतन त्याला लागू व्हायचं तर ते लागतं. सरकारी दवाखान्यात एका तरुण मानसतज्ज्ञाने त्याची बुद्धीची चाचणी घेतली. चित्रं दाखवली, ठोकळे दिले, आकडे म्हणून दाखवले आणि तेच उलटे म्हणायला सांगितले. आकडे हा भावाचा हातखंडा विषय. पण त्याने तोंड उघडलं नाही. डॉक्टर विचारत होते आणि समोरच्या कागदावर लिहीत होते, आणि भाऊ त्यांच्या पेनाकडे बघत कान चोळत होता. मला कळलं की तो काय करतोय, विचारणाऱ्याला काही सांगायचं नाही हे माझंच सांगणं तो पाळत होता. डॉक्टरांना कळणं शक्य नव्हतं.

शेवटी त्यांनी मला विचारलं, "घर पर क्या करता है? कोई खास बात, कोई हुनर?"

आकड्यांची गोष्ट काढली तर कागदांची निघेल, असं माझ्या मनात आलं. "नहीं," मी म्हटलं. "बैठा रहता है बस."

भावाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

घरी येताना ऑटोत तो दुसऱ्या टोकाला सरकून बसला. वाटेत एकाही गाडीचा नंबर म्हणाला नाही. महिन्याभराने कार्ड आलं. त्यावरचा अपंगत्वाचा टक्का आधीपेक्षा वर गेला होता. आईला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं, मले आता चिंता नाही." मी पुन्हा चाचणी मागितली नाही. मागू शकले असते.

परवा संध्याकाळी ओट्यावर त्याच्याशेजारी बसले होते. बरेच दिवस मनात होतं ते बोलले. "दवाखान्यात मी चूक सांगितलं तुझ्याबद्दल."

"हव," तो म्हणाला. समोरून एक डिलिव्हरीवाला गेला. भावाने मान वळवून गाडी बघितली आणि मग म्हणाला, "तू घाबरली होती."

मी विचारलं, केव्हा, दवाखान्यात का? आई आतून जेवायला हाक मारत होती. तो उठून आत गेला आणि मी आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले.